मानमोडीचे वारस

१० जून १९१८ रोजी मुंबई पोलीस दलातले सात शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांतला एक जण गोदीत पहाऱ्याला होता. मग जहाज कंपन्यांतले नोकर, पोर्ट ट्रस्टचे कामगार, तार खाते, टाकसाळ, गिरण्या असा आजार शहरभर पसरत गेला. तो समुद्रमार्गे आला, असे शहराचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांचे मत होते. जुलैअखेर ही लाट ओसरली. माणसे आठवडाभर अंथरुणाला खिळली, पण बहुतेक उठून कामाला लागली.

सप्टेंबरमध्ये ती परतली तेव्हा तिचे रूप वेगळे होते. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे गेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि खेड्यांत औषधपाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी गेले. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत या साथीला ‘मानमोडी’ म्हणत, आणि कितीतरी घरांत तिच्या आठवणी दोन पिढ्या सांगितल्या गेल्या.

म्हातारी माणसे आणि तान्ही मुले फ्लूला बळी पडतात, हा नेहमीचा अनुभव. या साथीने वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे नेली. हे का झाले, जूनचा ताप ऑक्टोबरात इतका घातक कसा झाला, याचे उत्तर त्या काळच्या एकाही डॉक्टरकडे नव्हते. आजार कशाने होतो हेच माहीत नव्हते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू पाहिला होता आणि तोच कारण असल्याचे जाहीर केले होते. १९१८ मध्ये प्रयोगशाळा त्याचा शोध घेत राहिल्या; काही रुग्णांत तो सापडे, काहींत सापडत नसे. खरा आरोपी त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांना दिसण्याइतका मोठाच नव्हता.

त्याच्यापर्यंत पोचायला पंधरा वर्षे लागली, आणि पहिला धागा माणसात नव्हे तर डुकरात मिळाला. १९१८च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या मध्यपश्चिम भागात डुकरांनाही माणसांसारखाच ताप-खोकला सुरू झाला होता आणि पुढे दर हिवाळ्याच्या तोंडावर तो येत राहिला. रॉकफेलर संस्थेतल्या रिचर्ड शोप यांनी आजारी डुकरांचा स्राव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि त्या गाळलेल्या पाण्यानेही निरोगी डुकरे आजारी पडतात, हे १९३१ मध्ये दाखवले. दोन वर्षांनी लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसाच्या गुळण्यांचे पाणी गाळून ते फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप भरला. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती आला. १९३६ मध्ये अशाच एका आजारी फेरेटच्या शिंकेने प्रयोगशाळेतल्या संशोधकाला फ्लू झाला आणि पुराव्याची साखळी पुरी झाली.

शोप तिथे थांबले नाहीत. त्यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांचे रक्त घेतले आणि त्यात डुकरांच्या विषाणूला नामोहरम करणारी प्रतिपिंडे आहेत का, हे तपासले. १९१८ची साथ ज्यांनी पाहिली होती अशा प्रौढांच्या रक्तात ती होती. साथीनंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात बहुधा नव्हती. मानमोडी आणणारा विषाणू, किंवा त्याचा जवळचा भाऊबंद, डुकरांत वस्ती करून राहिला होता. एका आजाराचा इतिहास माणसांच्या रक्तात नोंदलेला असतो आणि तो वाचता येतो, हे प्रथमच कळत होते.

फ्लूवर लस करायची तर विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवायला हवा. ते काम कोंबडीच्या अंड्याने केले. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी गर्भ धरलेल्या अंड्यात फ्लूचा विषाणू वाढवण्याचे तंत्र पक्के केले, आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट यांना अंड्यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. विषाणू असलेल्या द्रवात रक्त मिसळले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत. विषाणूच्या अंगावरचे जे प्रथिन हे करत होते त्याला हिमॅग्लुटिनिन असे नाव पडले. ‘एच१एन१’मधला ‘एच’ तो हाच. या प्रथिनाने विषाणू पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. दुसरे प्रथिन न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’. पेशीत तयार झालेले नवे विषाणू ते पेशीपासून सोडवते. शरीर आपली प्रतिपिंडे मुख्यतः या दोघांविरुद्ध घडवते, आणि लसही शरीराला यांचीच ओळख करून देते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला अशी लस टोचली गेली. १९४५ मध्ये तिने चांगले काम केले. १९४७ मध्ये तीच लस जवळजवळ कुचकामी ठरली. लस खराब झाली नव्हती. विषाणू बदलला होता. त्याच वर्षी लंडनमध्ये जागतिक इन्फ्लुएंझा केंद्र सुरू झाले, आणि १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे विणले. त्यांचे काम वरकरणी साधे होते: तापाच्या रुग्णांच्या घशातले नमुने गोळा करायचे, विषाणू वाढवायचा, तो गेल्या वर्षीच्या विषाणूपेक्षा किती वेगळा आहे ते पाहायचे आणि नमुना जपून ठेवायचा. भारतात या कामाचा आरंभ निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत झाला.

बदल का होतो, हे पुढच्या तीस वर्षांत उलगडत गेले. माणसाच्या पेशीत डीएनएची नक्कल होते तेव्हा चुका शोधून दुरुस्त करणारी यंत्रणा सोबत असते. फ्लूच्या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा आहे, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारे विकर आपले काम तपासत नाही. घाईने पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाच्या हातून काना-मात्रा सुटावी आणि पुढच्याने ती चुकीसकट उतरवून घ्यावी, तसे इथे घडते. बहुतेक नव्या प्रतींत एखाद-दुसरी चूक शिरते. बऱ्याचशा चुका विषाणूलाच निकामी करतात, काहींनी काहीच बिघडत नाही. पण एखादी चूक हिमॅग्लुटिनिनचा आकार नेमका तिथे बदलते जिथे प्रतिपिंड बसणार असते. त्या विषाणूला जुनी प्रतिपिंडे अडवू शकत नाहीत, आणि अशा शरीरांत त्याचीच प्रजा वाढते. यात विषाणूची कोणतीही चाल नाही. असंख्य चुकांतून आपली प्रतिकारशक्तीच त्याची निवड करते.

किती थोडक्या बदलाने हे साधते, तेही मोजले गेले आहे. १९६८ ते २००३ या काळातल्या एच३एन२ विषाणूंचे नमुने तपासून २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले, की पस्तीस वर्षांत या विषाणूने प्रतिपिंडांना चकवणारी जी मोठी वळणे घेतली, ती हिमॅग्लुटिनिनवरच्या अवघ्या सात जागांच्या बदलांनी घडली. कित्येक वळणांना एका अमिनो आम्लाची अदलाबदल पुरली. तपासायला त्या पस्तीस वर्षांचे नमुने शीतकपाटांत होते, म्हणूनच हे कळू शकले.

१९५७च्या वसंतात मात्र असे काही आले जे या संथ बदलाच्या हिशेबात बसत नव्हते. चीनमध्ये सुरू झालेली साथ हाँगकाँग, सिंगापूर करत मेच्या मध्यावर जहाजाने मद्रासला उतरली आणि बारा आठवड्यांत देशभर पोचली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत भारतात ४४ लाखांहून अधिक रुग्णांची आणि १,०९८ मृत्यूंची सरकारी नोंद झाली. जगभरातल्या मृत्यूंचा अंदाज अकरा लाखांच्या आसपास आहे. प्रयोगशाळांना या विषाणूवर संग्रहातल्या एकाही जुन्या विषाणूची छाप दिसेना. त्याची पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिने नवीन होती: एच२एन२. अकरा वर्षांनी, जुलै १९६८ मध्ये, हाँगकाँगमध्ये पुन्हा तसेच घडले. आता ‘एच’ तेवढा बदलला होता, ‘एन’ जुनाच राहिला होता: एच३एन२.

नवे प्रथिन एका रात्रीत येते कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधायला रॉबर्ट वेब्स्टर आणि ग्रॅम लेव्हर समुद्रकिनाऱ्यावर गेले. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फिरताना त्यांना मेलेले समुद्रपक्षी वाहून आलेले दिसले. दक्षिण आफ्रिकेत १९६१ मध्ये कुररी पक्षी फ्लूने मोठ्या संख्येने मेले होते, हे त्यांना ठाऊक होते. मग ते ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर पोचले, पक्षी धरून त्यांचे रक्त आणि स्राव तपासू लागले, आणि दिसायला ठणठणीत असलेल्या पक्ष्यांत फ्लूची प्रतिपिंडे आणि पुढे विषाणूही सापडले. तेव्हापासून बदके आणि इतर जलपक्षी यांच्यात फ्लूच्या विषाणूंचे प्रचंड भांडार असल्याचे सिद्ध होत गेले. पक्ष्यांतच ‘एच’चे सोळा प्रकार आढळतात. बदकांच्या आतड्यांत ते बहुधा काही त्रास न देता राहतात.

भांडार सापडले, त्यातला माल माणसांपर्यंत पोचवणारी रीत विषाणूच्या रचनेतच होती. त्याचा जनुकसंच एका सलग धाग्याचा नसून आठ सुट्या तुकड्यांचा आहे, हे सत्तरच्या दशकात पीटर पॅलेसी आणि इतरांच्या कामातून स्पष्ट झाले. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत काही तुकडे एकाचे आणि काही दुसऱ्याचे असू शकतात. १९५७च्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांकडून आले होते, उरलेले पाच माणसांत आधीपासून फिरणाऱ्या विषाणूचे. १९६८ मध्ये दोन तुकडे नवे आले. आणि ते जुने पाच तुकडे कुणाचे? मानमोडीच्या विषाणूचे. तो एच१एन१ विषाणू माणसांतून दिसेनासा झाला, तरी त्याची अर्ध्याहून अधिक जनुके नव्या पृष्ठभागाआड चालूच राहिली. ज्या साथींची वर्णने इतिहासाच्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरणे म्हणून येतात, त्या एका घराण्याच्या शाखा निघाल्या.

हीच अदलाबदल लस करणाऱ्यांनीही आपलीशी केली. माणसातला नवा विषाणू अंड्यात अनेकदा नीट वाढत नाही. एडविन किलबोर्न यांनी तो आणि १९३४ मध्ये पोर्तो रिकोत मिळालेला, अंड्यात भरभर वाढणारा जुना विषाणू एकाच अंड्यात सोडला. मग ज्यांचे पृष्ठभाग नव्याचे आणि वाढ जुन्याची, असे संकर निवडून काढले. अंड्यात होणाऱ्या लसीचे बीज आजही मुख्यतः असेच घडते.

१९७७ मध्ये घराण्याच्या वंशावळीत एक विलक्षण नोंद झाली. वीस वर्षे माणसांतून गायब असलेला एच१एन१ चीन आणि सोव्हिएत संघात परत आला. आजारी पडणारे बहुतेक पंचविशीच्या आतले होते. थोरांच्या शरीराला त्याची ओळख होती. पॅलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुके तपासली, तेव्हा ती १९५०च्या सुमाराच्या नमुन्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळली. जो विषाणू वर्षागणिक बदलतो, तो पाव शतकात बदलला नाही, याचा अर्थ तो या काळात कुठल्याही सजीवात वाढत नव्हता. तो कुठेतरी गोठवून ठेवलेला होता. प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून तो निसटला असावा, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. नमुने राखण्याचे मोल जेवढे मोठे, तेवढीच जोखीमही, हे या घटनेने दाखवून दिले.

आणि मूळ पुरुषाचा नमुना? १९१८ मध्ये विषाणू माहीतच नव्हता, म्हणून तो कुणी राखलाही नव्हता. पण अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या चिमुकल्या वस्तीत नोव्हेंबर १९१८च्या पाच दिवसांत ऐंशीपैकी बहात्तर माणसे मेली होती आणि कायम गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरली गेली होती. १९५१ मध्ये योहान हल्टिन हा आयोवा विद्यापीठातला स्वीडिश विद्यार्थी तिथे गेला, गावाच्या परवानगीने त्याने थडगे उघडले, फुप्फुसांचे तुकडे आणले. अंड्यांत, फेरेटांत, कशातही विषाणू जिवंत झाला नाही. हल्टिन दुसऱ्या कामाला लागले, पण विषय त्यांच्या मनातून गेला नाही.

१९९७च्या मार्चमध्ये त्यांनी ‘सायन्स’मधला एक लेख वाचला. अमेरिकी सैन्याच्या विकृतिशास्त्र संस्थेत पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे शवविच्छेदनाचे नमुने मेणात जतन केलेले होते. त्यांतून जेफ्री टॉबेनबर्गर, ॲन रीड आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९१८ मध्ये मेलेल्या एका सैनिकाच्या फुप्फुसाचा नखाएवढा तुकडा शोधला होता आणि विषाणूच्या जनुकांचे काही अंश वाचले होते. हल्टिननी टॉबेनबर्गरना पत्र लिहिले. ऑगस्टमध्ये, बहात्तराव्या वर्षी, ते स्वखर्चाने पुन्हा ब्रेव्हिग मिशनला पोचले. गावपंचायतीने परवानगी दिली. या वेळी एका स्थूल स्त्रीची फुप्फुसे चांगल्या स्थितीत मिळाली; अंगावरच्या चरबीने ती टिकली होती. काम संपल्यावर त्यांनी थडगे बुजवले आणि त्यावर नवे क्रूस करून लावले.

आठही तुकड्यांचा क्रम वाचायला २००५ उजाडले. त्याच वर्षी अटलांटात सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या कडेकोट प्रयोगशाळेत टेरेन्स टम्पी यांनी त्या क्रमाबरहुकूम विषाणू पुन्हा उभा केला. हा प्रयोग करावा का, यावर तेव्हा वाद झाला आणि आजही होतो. पण त्यातून जे कळले ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते. उंदीर या विषाणूने काही दिवसांत मेले. चौथ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसांत आधुनिक फ्लूच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक विषाणू होते. फक्त हिमॅग्लुटिनिनचा तुकडा काढून त्या जागी आधुनिक विषाणूचा बसवला, तर उंदीर जगले. आणखी एका प्रयोगात हिमॅग्लुटिनिनमधली दोन अमिनो आम्ले बदलली. पक्ष्यांच्या आतड्यांतल्या पेशींवर साखरेची जी जोडणी असते ती माणसाच्या नाका-घशातल्या जोडणीपेक्षा वेगळी असते, आणि हे दोन बदल विषाणूची पसंती माणसाकडून पक्ष्याकडे वळवत होते. बदललेल्या विषाणूने फेरेट आजारी पडून मेले, पण शेजारच्या पिंजऱ्यातल्या फेरेटला संसर्ग झाला नाही. मारण्याची क्षमता तीच, पसरण्याची क्षमता दोन बदलांनी संपली. साथ म्हणजे या दोन्हींचा योग.

पसरणे आणि मारणे यांचा संबंध इतका सुटा असू शकतो, याचे दाखले कोंबड्यांनी आधीच दिले होते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात एक सौम्य एच५एन२ विषाणू काही महिने कोंबड्यांत फिरत होता. ऑक्टोबरमध्ये त्याने अचानक कोंबड्या मारायला सुरुवात केली. एका छोट्या बदलाने हिमॅग्लुटिनिनवरची साखरेची एक साखळी गळून पडली होती आणि ती झाकत असलेली जागा उघडी झाली होती. ते प्रथिन कामाला लागण्यासाठी त्या जागी कापले जावे लागते. सौम्य विषाणूंचे ते प्रथिन कापणारी विकरे श्वसनमार्गात आणि आतड्यांतच असतात. जागा उघडी पडल्यावर शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी ते काम करू लागते. आजार मग फुप्फुसांपुरता राहत नाही. त्या साथीत सुमारे एक कोटी सत्तर लाख पक्षी मेले किंवा मारावे लागले. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ कोंबड्यांतून माणसांत शिरला. अठरा आजारी पडले, सहा दगावले. त्या नमुन्यांच्या अभ्यासातून नक्कल करणाऱ्या विकरातली एक जागा पुढे आली. पीबी२ या तुकड्यातल्या ६२७ व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलले, की पक्ष्याच्या उबदार शरीरात काम करायची सवय असलेले विकर सस्तन प्राण्याच्या तुलनेने थंड श्वसनमार्गातही भराभर नकला काढू लागते.

फेब्रुवारी २००६ मध्ये एच५एन१ महाराष्ट्रात आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्के केले. भारतातला हा पहिला प्रादुर्भाव होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि त्या तालुक्यातल्या कित्येक कुटुंबांचा चालता धंदा काही दिवसांत बसला. माणसांत तो पसरला नाही. त्या विषाणूकडे मारण्याची सामग्री पुरेपूर होती, माणसाच्या घशाला धरण्याची नव्हती.

तीन वर्षांनी पुण्याला आला तो विषाणू मात्र माणसांत पसरणारा होता. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात सापडलेल्या एच१एन१ने ११ जूनपर्यंत जागतिक साथीचा दर्जा मिळवला, आणि ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला हा पहिला बळी. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, औषधांच्या दुकानांपुढे मास्कसाठी गर्दी लोटली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या. नमुने तपासण्याचा भार पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर आला. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेली ही संस्था सत्तरच्या दशकापासून शहरातल्या तापाच्या रुग्णांचे फ्लूचे नमुने नियमाने तपासत आली होती. ते काम कधी बातमीचा विषय झाले नाही. पण नवा विषाणू आला तेव्हा त्याला ओळखणारे हात आणि तुलनेसाठी जुने नमुने पुण्यात तयार होते.

या विषाणूचे आठ तुकडे पक्ष्यांच्या, माणसांच्या आणि दोन खंडांतल्या डुकरांच्या विषाणूंतून जमा झालेले होते. त्याचे हिमॅग्लुटिनिन मात्र अमेरिकेतल्या डुकरांचे, म्हणजे ज्यांचा माग शोप यांनी घेतला त्याच कुळीचे. माणसांत या प्रथिनाने नव्वद वर्षांत कितीतरी रूपे बदलली. डुकरे थोडेच आयुष्य जगतात, त्यांच्या कळपांत प्रतिपिंडांचा दाब कमी, म्हणून तिथे ते १९१८च्या रूपाच्या बरेच जवळ राहिले. २००९ मध्ये वृद्धांना तुलनेने कमी संसर्ग झाला आणि तरुण अधिक आजारी पडले, याचे कारण हेच. लहानपणी मानमोडीच्या निकटच्या वंशजांशी ज्यांची गाठ पडली होती, त्यांच्या शरीराला हे प्रथिन ओळखीचे होते. २००८ मध्येच अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या बत्तीस जणांचे रक्त तपासले होते. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या शरीरात १९१८च्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे टिकून होती.

जुलै २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या विषाणूविरुद्ध नाकात फवारायची लस आणली. तिच्या बीजात दोन तुकडे २००९च्या विषाणूचे होते आणि उरलेले सहा १९५७ मध्ये लेनिनग्राडमध्ये मिळालेल्या विषाणूचे. रशियन शास्त्रज्ञांनी त्याला अंड्यांत कमी तापमानाला वाढवत नेऊन असा घडवला होता, की तो नाकाच्या थंडाव्यात वाढतो आणि फुप्फुसांच्या उबेत वाढत नाही. ज्या १९५७च्या साथीने जहाजातून मद्रास गाठले, तिच्याच एका विषाणूची जनुके अर्ध्या शतकानंतर पुण्यात लस म्हणून तयार होत होती.

सगळे काही विषाणूच्या जनुकांत लिहिलेले असते, असे मात्र नाही. १९१८ मध्ये मुंबईत सर्वांना गाठणारा विषाणू एकच होता. तरीही त्या वेळच्या नोंदींत कनिष्ठ मानलेल्या हिंदू जातींमध्ये हजारी ६१.६ मृत्यू झाले आणि युरोपियनांमध्ये ८.३. चाळीतली गर्दी, उपासमार, शुश्रूषेला कुणी नसणे, यांनी मृत्यूचा आकडा सातपटीने वाढवला. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम मोजताना संशोधक उंदीर आणि फेरेट एकसारखे निवडतात. माणसांच्या वस्त्या तशा एकसारख्या नसतात.

आता विषाणूचा पूर्ण क्रम काही तासांत वाचता येतो, आणि प्रश्न वाचनाचा कमी, नमुन्यांचा अधिक आहे. २००७-०८च्या हिवाळ्यात एच१एन१मध्ये एक बदल दिसला, ज्याने ओसेल्टामिविर हे मुख्य औषध निरुपयोगी होत होते. वर्षभरात जगातले जवळपास सगळे हंगामी एच१एन१ तसे झाले. पहिली सूचना नॉर्वेतून आली, कारण तिथल्या प्रयोगशाळा नियमाने नमुने तपासत होत्या. लसीचे बीज अंड्यात वाढताना अंड्याला सोयीचे असे बदल स्वतःत करून घेते, आणि त्याने लसीचा प्रभाव घटतो, हे कॅनडातल्या २०१२-१३च्या हंगामात उघड झाले. मार्च २०२० नंतर फ्लूच्या ‘बी’ या दुसऱ्या प्रकारची यामागाता ही शाखा जगात कुठेच खात्रीने सापडलेली नाही, म्हणून लसीतून ती वगळण्यात आली. मार्च २०२४ मध्ये एच५एन१ अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत आढळला. टेक्सासमध्ये गाईंच्या संपर्कातून बाधा झालेल्या पहिल्या रुग्णाच्या विषाणूत पीबी२मधल्या ६२७ व्या स्थानी तोच जुना, ओळखीचा बदल होता. रुग्णाचे डोळे आले आणि तो बरा झाला. त्याच्यापासून पुढे कुणाला लागण झाल्याचे दिसले नाही.

भारतातल्या नमुन्यांनी आपल्यापुरता एक महत्त्वाचा धडा दिला आहे. भारत उत्तर गोलार्धात असला, तरी फ्लूचा मोठा हंगाम देशाच्या बहुतेक भागांत पावसाळ्यात येतो; श्रीनगरसारख्या ठिकाणी तो हिवाळ्यात येतो. युरोप-अमेरिकेच्या वेळापत्रकाने ऑक्टोबरात लस टोचून घेणाऱ्या पुणेकराला तिचे सर्वाधिक बळ हवे असते जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी, असे तज्ज्ञ सुचवतात, आणि कोणत्या गोलार्धासाठीची लस आपल्याला योग्य हा प्रश्न दर वर्षी नव्याने तपासावा लागतो. तो तपासायला नवापूर, गडचिरोली, सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांच्या रुग्णालयांतूनही घशाचे नमुने पुण्याला पोचले पाहिजेत: बर्फात, वेळेवर, चिठ्ठीवर नाव-वय-तारीख नीट लिहून, आणि साथ नसलेल्या आठवड्यांतही.